फिरत्या घरातील विजेचा जमाखर्च

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर करमाड हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एक लहानसे स्थानक आहे. जुन्या काळी पॅसेंजर गाडीने प्रवास केलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. गाडी वेगात असली म्हणजे डब्यातील दिवे लख्ख उजळत आणि ती एखाद्या स्थानकात फार वेळ खोळंबली की मंदावत. डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेले जनित्र चाके फिरत असतानाच वीज निर्माण करी. गाडी थांबली, की डब्याखालच्या बॅटऱ्यांत साठलेल्या विजेवरच भागवावे लागे. चाकांवरच्या प्रत्येक घराला हाच नियम लागू पडतो.

अशा घरांचा, म्हणजे कॅराव्हॅनचा, विचार आता आपल्या राज्यातही होत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. निवासाची सोय असलेली मोटार, किंवा मोटारीमागे जोडून न्यावयाचे छोटे घर, असे या वाहनांचे दोन प्रकार आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या या जिल्ह्यात अशा पर्यटनास चांगला वाव आहे. तथापि, मुक्काम सुखाचा व्हावयाचा तर विजेचे गणित आधी समजून घेतले पाहिजे.

गरज किती?

समजा, जालन्याकडून वेरूळला निघालेले एक कुटुंब करमाडजवळच्या एका शेतावर रात्री मुक्कामास थांबले आहे. सोबत मधुमेह असलेल्या आजी आहेत. त्यांच्या इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिल्या पाहिजेत. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या घरातील शीतकपाट ही चैनीची वस्तू नव्हे, हे सहज पटेल.

आता दिवसाचा हिशेब मांडू. उपकरणाचे वॅट आणि ते चालण्याचे तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. ५० वॅटचे शीतकपाट थांबत-थांबत एकूण १२ तास चालले, तर ६०० वॅट-तास लागतात. १५ वॅटचे दोन पंखे रात्री ८ तास चालवल्यास २४०, ५ वॅटचे चार एलईडी दिवे ४ तास लावल्यास ८०, चार मोबाइल भारित करण्यास ६० आणि पाण्याच्या पंपास १५. बेरीज ९९५, म्हणजे जवळजवळ एक युनिट. घरी ज्याची आपण गणतीही करीत नाही, ते एक युनिट येथे दिवसभराचे भांडवल ठरते.

साठा किती?

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास वीज मावते. परंतु शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून वापरण्याजोगी वीज ६०० वॅट-तासच समजावी. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीतील सुमारे ८० टक्के वीज वापरता येते. मात्र तिची किंमत अधिक असते.

आपल्या कुटुंबाकडे शिसे-आम्ल बॅटरी एकच आहे. संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात शीतकपाटास ३००, पंख्यांस २४०, दिव्यांस ८० आणि मोबाइलना ६०, असे ६८० वॅट-तास लागतील. म्हणजे पहाटेच साठा मर्यादेखाली जाईल. आणखी एक बॅटरी घेणे हा एक उपाय झाला. पण त्याआधी घरातल्या घरात थोडे भारनियमन करून पाहावे. मोबाइल दिवसा उन्हाच्या विजेवर भारित करावेत आणि चारांऐवजी दोनच दिवे लावावेत. रात्रीचा खर्च ५८० वर येतो व त्याच बॅटरीवर सकाळ उजाडते. तरीही वीज कमी पडली, तर आधी दिवे, मग एक पंखा बंद करावा. शीतकपाट सर्वांत शेवटी.

आवक किती?

आपल्याकडे स्वच्छ दिवशी सरासरी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी सौर ऊर्जा मिळते, असे धरण्यास हरकत नाही. ३०० वॅटच्या पॅनेलपासून कागदोपत्री १,५०० वॅट-तास मिळावयास हवेत. परंतु धूळ, उष्णता आणि तारांतील घट जाता सुमारे १,१०० हाती येतात. पॅनेल तापले की त्याची क्षमता २५ अंशांपुढे प्रत्येक अंशास सुमारे ०.४ टक्क्याने उतरते; त्यामुळे ते छपरास चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे बसवावे.

येथे एक पेच उद्भवतो. घर थंड राहावे म्हणून आपण ते लिंबाच्या सावलीत उभे करतो. पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज मोठ्या प्रमाणात घटते. अशा वेळी घडीचे पॅनेल लांब तारेने जोडून उन्हात मांडणे हा चांगला मार्ग होय. पावसाळ्यात ढगाळ दिवशी आवक निम्म्याहूनही खाली येते. तेव्हा वीजपुरवठ्याची सोय असलेल्या ठिकाणीच मुक्काम योजावा.

काही दक्षता

मोटार सुरू करण्याची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळ्या ठेवाव्यात. अन्यथा रात्री पंखा चालतो आणि सकाळी इंजिन हलत नाही. विजेवरची शेगडी किंवा किटली टाळून स्वयंपाक गॅसवर करावा. १,५०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते आणि बारीक तार त्याने पेट घेऊ शकते. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून तिच्या कप्प्यास हवेसाठी वाट असावी. धाब्यावरून अथवा शेतातून २३० व्होल्टची जोडणी घेताना अर्थिंग आहे की नाही हे आधी पाहावे आणि ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारे सुरक्षा उपकरण मधे असावेच.

रोज सकाळी, उपकरणे थोडा वेळ बंद ठेवून, बॅटरीचा दाब पाहण्याची सवय लावावी. शिसे-आम्ल बॅटरीत तो १२.२ व्होल्टच्या आसपास आढळला, तर साठा निम्म्यावर आला आहे असे समजावे आणि त्या दिवसाचा खर्च त्याप्रमाणे बेतावा. एवढे पथ्य पाळले, तर आजींचे औषध थंड राहील आणि वेरूळची लेणी पाहताना कोणाच्या मनाला घोर लागणार नाही.