खरंच झालं होतं का हे?

पालकहो, गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलात की एक दिवस मुलांसाठी काढा. समुद्रावर सगळेच जातात. तुम्ही कशेडी घाट उतरून पोलादपूर-महाडकडे जा. २०२३ च्या गणपतीत कशेडी बोगद्याची एक बाजू खुली झाली, घाटातली वळणं चुकली, त्यामुळे सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता येतं. या पट्ट्यात देव, नद्या, वीर, लेणी यांच्या कथा एकमेकींना खेटून आहेत. आणि प्रत्येक ठिकाणी मूल विचारणार आहे, "हे खरंच झालं होतं का?"

या प्रश्नाला आपण फार घाबरतो. "देवाच्या ठिकाणी असं विचारू नये" म्हणून मुलाला गप्प करतो, नाहीतर "सगळ्या भाकडकथा" म्हणून उडवून लावतो. गप्प केलेलं मूल पुढच्या वेळी विचारतच नाही, आणि उडवून लावलेली गोष्ट त्याला पुन्हा ऐकावीशी वाटत नाही. त्यापेक्षा ती गोष्ट कुठून आली ते सांगा. लोकांच्या तोंडून आली, कागदावरून आली, की दगडावरून? दहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं.

सुरुवात पोलादपूरला सावित्री नदीच्या काठावर करा. ब्रह्मदेवाच्या यज्ञाला त्याची पत्नी सावित्री वेळेवर पोचली नाही, तिच्या जागी गायत्रीला बसवलं, सावित्री संतापली, शापाशापीत सगळे नद्या झाले आणि तिने महाबळेश्वरच्या कड्यावरून कोकणात उडी घेतली. ही कथा पूर्ण रंगवून सांगा, मध्येच भूगोल आणू नका. नंतर नकाशा उघडा. कृष्णा, कोयना, वेण्णा त्याच डोंगरावर उगवून पूर्वेला देशावर जातात, सावित्री मात्र पश्चिमेला समुद्राकडे धावते. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी डोंगराची धार आणि पाण्याची वाट डोळ्यांनी पाहिली होती, हे मुलाला तुम्ही न सांगताही उमगेल.

मग उमरठ. तानाजी मालुसऱ्यांचं गाव, आणि त्यांची समाधी. इथे घाई करू नका. मुलाला सिनेमा आठवत असतो, घोरपड आठवत असते. त्याला सांगा की ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी कोंढाण्यावर लढता लढता पडले, गड मराठ्यांनी घेतला, आणि याविषयी शंका नाही. यशवंती घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही गोष्ट पोवाड्यातून आली. शाहीर तुळशीदासाने ती गायली आणि महाराष्ट्राने ती जिवाभावाने जपली. तानाजी पडले म्हणून गडाचं नाव सिंहगड झालं असं आपण शाळेत शिकलो. पण हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही सापडतं. हे कळल्यावर तानाजी लहान होत नाहीत. घोरपड नव्हती असं धरलं, तर तो कडा माणसांनी रात्री नुसत्या हातापायांनी चढला असणार. समाधीपुढे उभं राहून मुलाला एवढंच विचारा, "तुला हे जास्त अवघड वाटतं की घोरपडीचं?" आणि त्याचं उत्तर ऐका, दुरुस्त करायला जाऊ नका.

पोलादपुरातच कवींद्र परमानंदांची समाधी आहे, आणि ती पाहायला फारसं कुणी थांबत नाही याचं मला वाईट वाटतं. नेवाशाच्या या कवीने शिवाजी महाराजांच्या हयातीतच संस्कृतात 'शिवभारत' लिहिलं. तलवार चालवणाऱ्याइतकाच लिहून ठेवणाराही मोठा, हे दाखवायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

महाडजवळची गांधारपाले लेणी हमरस्त्यावरूनच दिसतात. पावसात पायऱ्या निसरड्या असतात, लहान मुलं सोबत असतील तर दिवाळीनंतर जा. आपल्याकडे लेणी दिसली की 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' असं सांगायची रीत आहे. इथे दगडच बोलतो. ब्राह्मी लिपीतल्या लेखात कुमार काणभोज विष्णुपालिताचं नाव आहे, बौद्ध भिक्षूंसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. कोरलेल्या अक्षरांना हात लावू न देता, त्यातलं एखादं अक्षर वहीत उतरवून घ्यायला सांगा.

आणि शेवटी महाडचं चवदार तळं. पुष्कळ घरं दर्शनं उरकतात आणि इथे गाडी थांबवत नाहीत. माझी विनंती आहे, थांबा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना हे पाणी बंदच होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह इथे आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, आणि तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या पाण्याचे घडे त्यात ओतून ते शुद्ध केलं गेलं. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, सौम्य करून नाही. "माणसाने पाणी प्यायल्यावर घाण झालं, आणि शेण टाकल्यावर स्वच्छ झालं?" असं ते विचारेल. विचारू द्या. तुमच्या घरातले वाडवडील कोणत्या बाजूला होते हेही विचारेल. माहीत असेल ते खरं सांगा. या तळ्यावरून खटला झाला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल १९३७ मध्ये तळं खुलं असल्याचा लागला. इथली कथा लोकांच्या तोंडीही आहे आणि न्यायालयाच्या कागदावरही.

रायगड, शिवथरघळ, वाळण कोंडीतले देवीचे मासे हे सगळं पुढच्या खेपेला. एका दिवसात कोंबलं तर मुलाला फक्त गाडी लागल्याचं आठवेल.

घरात आजी असेल तर तिला सोबत घ्या. तुमच्या वाडीच्या ग्रामदेवतेची, डोंगरावरच्या राखणदाराची गोष्ट कुठल्याच ग्रंथात नाही, ती तिच्याकडेच आहे. परतताना ती सांगायला लागली की मुलाला वही पुन्हा काढायला लावा. गोष्टीखाली सांगणारीचं नाव, तिने ती कुणाकडून ऐकली ते आणि आजची तारीख, एवढं त्याच्याच अक्षरात लिहू द्या.