उन्हाळ्यापूर्वी घर आणि अंगण : कौटुंबिक निर्णयाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्रात कुटुंब हे उपभोगाचे मूलभूत एकक मानले जाते. हे एकक प्रत्यक्षात अनेक लहान गुंतवणुकीही करीत असते. फाल्गुन-चैत्रात होणारी घराची आणि अंगणाची उन्हाळी तयारी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. छत, झाड, पाण्याची टाकी आणि कूलर यांविषयीच्या निर्णयांत संधी खर्च, बाह्यपरिणाम, सामाईक साधनसंपत्ती आणि माहितीची असममितता या चारही संकल्पना एकत्र आढळतात. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील समता कॉलोनी या निवासी वसाहतीच्या संदर्भात त्यांचा विचार करणे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल.

स्थान आणि हवामान

रायपूर हे नागपूरप्रमाणेच सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडचे नागपूरशी प्रशासकीय व सामाजिक संबंध राहिले आहेत. समता कॉलोनीलगतच्या चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळ हे येथील मराठी समाजाच्या वास्तव्याचे ठळक चिन्ह होय. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आल्यानंतर राजधानीचा विस्तार वेगाने झाला. 2011 च्या जनगणनेनुसार रायपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 10 लाख होती.

इमारतींच्या दृष्टीने रायपूर ‘संमिश्र’ हवामान विभागात मोडते. एप्रिल-मेमध्ये हवा उष्ण व कोरडी असते, तर जूनच्या मध्यास मान्सून आल्यावर ती दमट होते. म्हणून एकच उपाय संपूर्ण हंगामाला पुरत नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार, मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी अधिक असल्यास, किंवा ते प्रत्यक्ष 45 अंशांवर गेल्यास, उष्णतेची लाट मानली जाते. 47 अंश किंवा त्याहून अधिक तापमान ही तीव्र लाट होय.

छप्पर : गुंतवणुकीचा पहिला प्रश्न

जुन्या कवेलूच्या छपरात कवेलूंच्या फटींतून हवा खेळती राहत असे. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब मात्र दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील कुटुंबाला मध्यरात्रीही उकाडा सोसावा लागतो. मार्चमध्ये गच्ची स्वच्छ करून भेगा बुजविणे आणि तिला चुन्याचा अथवा परावर्तक पांढऱ्या रंगाचा लेप देणे हा अल्पखर्चिक उपाय आहे. तेलंगण राज्याने 2023 मध्ये ‘शीतल छत’ धोरण जाहीर करून याच उपायाला सार्वजनिक धोरणाचा दर्जा दिला. 2018 च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींच्या छतातून होणाऱ्या उष्णतावहनावर मर्यादा सुचविली आहे.

असा खर्च योग्य आहे की नाही, हे परतफेड कालावधीवरून ठरते. समजा, छताच्या लेपावर 6,000 रुपये खर्च झाला, वर्षाला 300 युनिट वीज वाचली आणि प्रतियुनिट दर 6 रुपये धरला, तर वार्षिक बचत 1,800 रुपये होईल व परतफेड कालावधी सुमारे 3 वर्षे 4 महिने येईल. लेप त्याहून अधिक काळ टिकत असेल तर गुंतवणूक लाभदायक ठरते.

तरीही अनेक घरांत ही गुंतवणूक होत नाही. भाडेकरू वीजबिल भरतो, पण छत घरमालकाचे असते. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा अशा स्थितीत कोणीच पुढाकार घेत नाही. यास विभाजित प्रोत्साहनाची समस्या म्हणतात. बाजाराचे हे अपयश केवळ जनजागृतीने दूर होत नाही. त्यासाठी बांधकाम नियम अथवा अनुदान यांची गरज भासते.

कूलर की वातानुकूलक?

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली थंड ठेवण्याची विदर्भ-छत्तीसगडमधील जुनी रीत आणि आजचा कूलर यांचे तत्त्व एकच आहे. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून शोषली जाते. हवा कोरडी असताना हा उपाय प्रभावी ठरतो. पावसाळी दमटपणात तो निष्प्रभ होतो.

200 वॅटचा कूलर 10 तास चालल्यास 2 युनिट वीज लागते. दीड टनाच्या वातानुकूलकाचा सरासरी वापर ताशी 1.2 युनिट धरल्यास तेवढ्याच वेळेत 12 युनिट खर्च होतात. मात्र कूलरला ताशी 8 लिटर पाणी लागते असे मानले, तर दिवसाला 80 लिटर पाणी हवेत जाते. शहरी पाणीपुरवठ्याच्या 135 लिटर प्रतिव्यक्ती प्रतिदिन या मानकाच्या तुलनेत हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. विजेच्या बचतीचा संधी खर्च पाण्याच्या रूपाने द्यावा लागतो. रायपूरचा पाणीपुरवठा मुख्यतः खारून नदीवर अवलंबून आहे आणि उन्हाळ्यात तिला गंगरेल धरणाच्या पाण्याचा आधार द्यावा लागतो. ही बाब लक्षात घेता हा खर्च दुर्लक्षणीय नाही.

वातानुकूलकाचा खर्चही बिलापुरता मर्यादित नसतो. तो खोलीतील उष्णता बाहेर टाकतो. प्रत्येक घराने असेच केले, तर गल्लीतील हवा अधिक तापते आणि त्याचा भार ज्यांच्याकडे वातानुकूलक नाही अशा रिक्षाचालक, फेरीवाले व घरकाम करणाऱ्या स्त्रियांवर पडतो. हा नकारात्मक बाह्यपरिणाम होय. कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारे एडिस डास वाढतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासणे हे शेजाऱ्यांप्रतीचेही कर्तव्य ठरते.

उपकरणाची कार्यक्षमता ग्राहकाला पाहून कळत नाही. ही माहितीची असममितता कमी करण्यासाठी ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 मध्ये तारांकन योजना सुरू केली.

अंगण : खासगी जमीन, सामाईक लाभ

घराच्या पश्चिमेस लावलेला कडुनिंब दुपारचे ऊन अडवितो आणि पानांतील बाष्पोत्सर्जनाने परिसर थंड ठेवतो. त्याची सावली पदपथावरील अनोळखी माणसालाही मिळते. हा सकारात्मक बाह्यपरिणाम असल्याने समाजाच्या गरजेपेक्षा कमी झाडे लावली जातात. उलट, वाहन उभे करण्यासाठी संपूर्ण अंगणास फरशी घातली जाते. त्यामुळे उष्णता वाढते आणि पाणी मुरणे थांबते.

वसंतात गळलेला पाला जाळल्यास धुराचा त्रास सर्वांना होतो. तोच झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरल्यास ओल टिकते व पाणी कमी लागते. झाडांना संध्याकाळी किंवा पहाटे पाणी दिल्यास बाष्पीभवनाची हानी घटते.

उन्हाळा संपण्यापूर्वीच पर्जन्यजल संकलनाची व्यवस्था पूर्ण व्हावी. 100 चौरस मीटर छतावर 1,200 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा 80 टक्के भाग गोळा झाला, तर 96,000 लिटर पाणी मिळते. ते जमिनीत मुरविले तरी त्यावर एकाच घराचा हक्क राहत नाही. शेजारची कूपनलिकाही ते उपसू शकते. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये अशा स्थितीस ‘सामाईकांची शोकांतिका’ म्हटले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र वापरकर्ते स्वतः नियम करून अशी साधने टिकवू शकतात हे दाखविले. त्यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वसाहतीतील रहिवासी मंडळे येथे महत्त्वाची भूमिका बजावू शकतात.

धोरणात्मक चौकट

अहमदाबादने 2010 च्या प्राणघातक उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. मार्च 2019 मधील भारत शीतकरण कृती आराखड्याने 2037-38 पर्यंत शीतकरणाची मागणी 20 ते 25 टक्क्यांनी आणि त्यासाठीची ऊर्जेची गरज 25 ते 40 टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट आहे. संचाची सावली छतासही मिळते, हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.

समारोप

माठ भरणे, वाळा लावणे आणि गच्चीवर वाळवणे घालणे या घरगुती कामांत हवामानाशी जुळवून घेण्याचे दीर्घ शहाणपण आहे. मात्र प्रत्येक घराने स्वतंत्रपणे साधलेला थंडावा म्हणजे शहराचा थंडावा नव्हे. ही संकलनाची भ्रांती विद्यार्थ्यांनी ओळखली पाहिजे. सावली, छत आणि भूजल यांबाबत प्रथम सामूहिक गुंतवणूक आणि नंतर यंत्रे, हा क्रम कमी खर्चाचा व अधिक न्याय्य आहे.

सरावासाठी प्रश्न

1. विभाजित प्रोत्साहनाची समस्या उदाहरणासह स्पष्ट करा.
2. संमिश्र हवामान विभागात कूलरच्या उपयुक्ततेच्या मर्यादा सांगा.
3. शहरी भूजल ही सामाईक साधनसंपत्ती आहे, या विधानाची चर्चा करा.
4. खासगी शीतकरणामुळे उष्णतेच्या भाराचे वाटप विषम होते काय? मत मांडा.