गार इंजिनाला पाना लावू नका

निफाडकडच्या थंडीत जुनी डिझेल व्हॅन चालवणाऱ्याला हीटर प्लग म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि पहाटे माल मार्केटला पोचवायचाच असतो. आमची व्हॅन जुन्या घडणीची. तिच्यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या प्री-चेंबरमध्ये फवारलं जातं. दाबलेली हवा तापते, पण चेंबरच्या गार भिंती तिची उष्णता ओढून घेतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. त्याचं टोक ८०० अंशांच्या पुढे तापून लाल होतं, तेव्हा कुठे डिझेल पेट घेतं.

त्या हिवाळ्यात गाडी सकाळी उचलेना. सेल्फ जोरात फिरायचा, मागून कच्च्या डिझेलच्या वासाचा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघायचा. मग इंजिन एका सिलिंडरवर धडधडायचं, हळूहळू बाकीचे साथ द्यायचे. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. गॅरेजमध्ये आधी नवी बॅटरी घ्यायला लावली, नंतर सेल्फ उतरवला. फरक शून्य. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, फक्त पेटत नाही. सेल्फ चांगला फिरत असेल आणि गरम इंजिन बिनतक्रार उचलत असेल, तर दुसरा कुठलाही खर्च करण्याआधी प्लग तपासा.

तपासणीला मेस्त्रीसुद्धा लागत नाही. प्लगना जोडणारी पट्टी सोडवा. १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग मेला. लागला तर आतली तार शाबूत आहे एवढंच कळतं, प्लग पुरेसा तापतो की नाही ते कळत नाही. मल्टिमीटरवर थंड, चांगला प्लग साधारण १ ओहमच्या आसपास दाखवतो. आमच्या चारपैकी दोन मेलेले निघाले. चारही ठीक निघाले, तर पट्टी परत जोडून चावी हीटरवर धरा आणि पट्टीपर्यंत करंट येतो का बघा. दोष रिलेत किंवा फ्यूजमध्येही असतो.

खरं नुकसान झालं ते यानंतर. गॅरेजवाल्याने सकाळच्या गारठ्यात, थंड इंजिनावरच पान्याला पाईप अडकवून जोर लावला. पहिले दोन प्लग निघाले. तिसऱ्याला पाना फिरला, पण आटे जागचे हलले नाहीत. प्लगची मान पिळली गेली आणि तुटली. खालचा तुकडा हेडमध्येच राहिला. मग हेड उतरवणं, लेथवाल्याकडे नेणं, नवं हेड गॅस्केट आणि ऐन द्राक्षाच्या हंगामात उभी राहिलेली गाडी. चार प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले.

म्हणून कळकळीने सांगतो, काढण्याची घाई करू नका. आदल्या संध्याकाळी आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी फिरवून आणा आणि इंजिन चांगलं गरम असतानाच पाना लावा. १२ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला ४५ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त जोर सोसत नाही, १० मिलिमीटरचा ३५ लाच तुटू शकतो. टॉर्क रेंच भाड्याने मिळाला तरी आणा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळा, तेल सोडा, परत सोडवा. हाताला स्प्रिंगसारखा पीळ जाणवला की तिथेच थांबा. अजून तेल, अजून गरमी, गरज पडली तर दुसरा दिवस.

एक मेला असला तरी चारही बदला, बाकीचे त्याच वयाचे असतात. नवे घालण्याआधी भोकातला कार्बन त्या मापाच्या रीमरला ग्रीस लावून काढा. ग्रीसला चिकटून कचरा बाहेर येतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. प्लग आधी हाताने फिरवा, मग १२ मिलिमीटरचा २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा. वरचा छोटा नट तर अगदी हलक्या हाताने.

आणि हीटर चालू असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. लाल टोकावर ईथर भडकून पिस्टन किंवा रिंगा फुटतात.

काढलेले जुने प्लग फेकण्याआधी त्यांची टोकं नीट बघा. टोक वितळलेलं किंवा फुगलेलं असेल तर बहुधा त्या सिलिंडरचा नोझल गळतोय किंवा पंपाचं टायमिंग चुकलंय. ते दुरुस्त न करता नवा प्लग घातला, तर त्याचीही तीच गत होते. आमच्या दुसऱ्या सिलिंडरचं टोक असंच खाल्लेलं होतं. नोझल तपासून घेतला तेव्हा पुढचा हिवाळा निभावला.