आधी पाणी, मग ट्रॉल्या

चिकलठाण्यात कुणी स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं की शेजारीपाजारी पहिलं विचारतात, "ट्रॉल्या कुठून घेणार?" मी विचारते, पिंप कुठे ठेवणार? जायकवाडी धरण एवढं जवळ असून आमच्या शहरात नळ रोज येत नाही. आणि शोरूममधलं देखणं किचन चोवीस तास पाणी गृहीत धरूनच मांडलेलं असतं. त्याचं मूळही तसंच आहे. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. सगळं हाताशी, एक पाऊल फुकट जायला नको. आजचं मॉड्युलर किचन त्याच वळणावर गेलेलं. फक्त तिथे नळ सोडला की पाणी येत होतं.

आमच्या रो-हाउसमध्ये वर जाऊबाई, खाली आम्ही. दोघींनी एकाच उन्हाळ्यात काम काढलं, पण वाटा वेगळ्या. जाऊबाईंनी शोरूमचं तयार मॉड्युलर घेतलं. हळूच मिटणारे ड्रॉवर, चकचकीत दारं, सगळं दृष्ट लागण्यासारखं. आता पाणी येतं रात्री-अपरात्री, म्हणून सिंकचा नळ उघडा ठेवून झोपायची आमच्याकडची पद्धत. धार लागली की आवाजानं जाग येते. एका रात्री कुणालाच जाग आली नाही. जाळीत भाताची शितं अडकलेली, सिंक तुडुंब भरून पाणी ओट्यावरून थेट कपाटांत उतरलं. सकाळी पुसून काढलं. पण थोड्याच दिवसांत सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला, लॅमिनेटची कड सुटली आणि दार बसेना. दुकानदारानं "एकदम वॉटरप्रूफ" म्हणून गळ्यात मारलेली फळी सुतारानं उलटी करून दाखवली. शिक्का होता आयएस 303, एमआर.

एमआर प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. सिंकच्या आसपास आयएस 710 चाच हवा. त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. शिक्का शीटवर बघा आणि लॅमिनेट चढायच्या आधी बघा. नंतर तो दिसत नाही. बिलावर "वॉटरप्रूफ" नको, आयएसचा आकडा लिहून घ्या. कापलेल्या कडा आणि पाइपासाठी पाडलेली भोकं उघडी राहिली, तर चांगला प्लायही तिथूनच पाणी पितो.

खाली आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा कडप्प्याचा ओटा. ठेकेदार म्हणाला, फोडून टाकू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या दगडाला काय धाड भरलीय?" आम्ही कडप्प्याचे उभे खण तसेच ठेवले, वर ग्रॅनाइट टाकलं, मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं. दगड फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. सिंकखाली कपाट केलंच नाही. तिथे उतार देऊन मोरी ठेवली, शेजारी पिंप. पाणी सांडलं तर मोरीत जातं, बास.

दिसायला ते जाऊबाईंच्या पासंगालाही पुरत नाही, हे खरं. शिवाय जुने खण कधी काटकोनात नसतात. तयार ट्रॉली एका खणात बसते, दुसऱ्यात अडते. प्रत्येक खणाचं माप वरून, मधून आणि खालून घ्यायचं आणि सगळ्यात कमी भरेल ते धरायचं. स्टीलमध्ये 304 सांगून 202 देणारे भेटतात. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात 202 वर गंजाचे ठिपके लवकर उमटतात. तेव्हा इथेही आकडा बिलावर हवा.

तिसरी वाट घरीच सुतार बसवायची. प्लाय तुमच्या डोळ्यांदेखत येतो, हा मोठा फायदा. धूळ आणि लांबत जाणाऱ्या तारखा सोसायची तयारी मात्र हवी. मजुरी रोजावर ठरवू नका, चौरस फुटावर ठरवा.

वाट कुठलीही धरा, टाइल्स लागायच्या आधी जुने जीआय पाइप बदला, नव्या पाइपांत दाब देऊन गळती तपासा आणि उघड्या भिंतीचे फोटो काढून ठेवा. पुढे चिमणीसाठी भोक पाडताना पाइप कुठून गेलाय ते कळतं. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच करतात. पण भाकरी थापणारं माणूस ओट्यापाशी उभं करूनच ती ठरवा. सिलिंडर कपाटात लपवायचा असेल तर दाराला अगदी खाली जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. आणि कपाटांच्या हौसेपायी खिडकी बुजवू नका. शहराचं तापमान मोजणारी वेधशाळा आपल्या चिकलठाण्यातच आहे. मे महिन्यात तिचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तुम्ही शेगडीपाशी उभ्या असता.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता नळ येऊन जाईपर्यंत हातात ठेवा. त्या दिवशी पिंप भरा, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि टॉर्च घेऊन खाली सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवा. फडकं ओलं झालं तर ठेकेदाराला तेव्हाच फोन लावा, पैसे अजून तुमच्याकडेच आहेत.