धबधब्यामागची खोली कोणी खोदली?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, ओरेगन राज्यात, तीन महिने राहून आलो. सेलम शहराजवळच्या सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कमध्ये त्याने आम्हाला एका रानवाटेवर नेलं. ओढ्याच्या काठाकाठाने साडेअकरा किलोमीटरची गोल फेरी, आणि तेवढ्यात दहा धबधबे! त्यातल्या चार धबधब्यांच्या तर चक्क मागून वाट जाते. डोक्यावर कातळाचं छत आणि समोर पाण्याचा पडदा. या गुहा माणसांनी खोदल्या असतील का? एका गुहेच्या छतात गोल भोकं होती, ती कसली? आणि आपल्या सह्याद्रीत एवढे धबधबे असताना असं मागून फिरता का येत नाही? मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय विचारता, फोटो काढा." म्हणून तुम्हाला विचारतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोटो काढून झाल्यावरही प्रश्न उरला, हे फार चांगलं झालं. शिवाय हा प्रश्न नाशिकच्या माणसाने विचारावा यात एक गंमत आहे. तुम्ही तिथे ज्या काळ्या दगडाखाली उभे होतात, तोच दगड तुमच्या घराच्या पायाखालीही आहे. बसाल्ट. आपला काळा कातळ.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आजच्या ओरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांच्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा उसळला आणि दूध उतू जावं तसा पसरत शेकडो किलोमीटर वाहिला, काही लोट तर थेट प्रशांत महासागरापर्यंत पोचले. या थरांना कोलंबिया रिव्हर बसाल्ट म्हणतात आणि त्यांचा पसारा दोन लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. आपलं दख्खनचं पठारही असंच घडलं. मात्र ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि आज उरलेला त्याचा विस्तारच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. तेव्हा तुमच्या मुलाचं रान वयाने आपलं धाकटं भावंड आहे.

आता गुहेकडे वळू. लाव्हा एकदा वाहिला आणि काम संपलं, असं होत नाही. एक लोट येतो, निवतो, त्याचा दगड होतो. मग पुढचा लोट येईपर्यंत हजारो वर्षं जाऊ शकतात. तेवढ्या सवडीत ऊन-पावसाने दगडाचा वरचा भाग कुजतो, माती तयार होते, ओढे गाळ आणून टाकतात, गवत उगवतं, झाडं वाढतात. आणि एक दिवस नवा लाव्हा येऊन या सगळ्यावर पसरतो. खाली कठीण कातळ, मध्ये मऊ माती-वाळूचा थर, वर पुन्हा कठीण कातळ. तुम्ही पाहिलेल्या ओढ्याची, म्हणजे सिल्व्हर क्रीकची, घळ अशीच थराथरांची आहे, आणि तिच्या तळाशी तर लाव्हाच्याही आधीचा, समुद्रात साचलेला वालुकाश्म सापडतो.

ओढा वरच्या कातळाच्या कडेवरून उडी घेतो. आपल्याला वाटतं, पडणारं पाणीच मागचा दगड पोखरत असणार. पण पाण्याचा सगळा जोर तर समोर, खालच्या डोहात खर्च होतो. मागचं काम बिनबोभाट चालतं. वरच्या कातळाच्या उभ्या चिरांतून पाणी झिरपत खाली येतं आणि मऊ थरापाशी आडवं बाहेर पडतं. तुषारांनी तो थर सतत ओला राहतो. थंडीत पाणी गोठून फुगतं आणि एकेक कण सुटा करतं. वरचा कातळ तग धरतो, खालची माती निघून जाते, आणि तयार होते तुम्ही पाहिलेली खोली. छत फारच पुढे आलं की तेही एक दिवस कोसळतं आणि धबधबा दोन पावलं मागे सरकतो. खालच्या डोहाभोवती मोठमोठे धोंडे पडलेले पाहिले असतील. त्यांतले बरेचसे कोणे एके काळी छतच होते.

म्हणजे गुहा खोदली झिरप्याने, तुषारांनी आणि हिमाने. पण वाट मात्र माणसांची. 1930च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकी सरकारने बेरोजगार तरुणांच्या हाताला काम देण्यासाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' उभी केली. आपल्याकडच्या 1972च्या दुष्काळात लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली, त्यांनी तलाव खणले, रस्ते बांधले; जवळपास त्याच जातीची ही योजना. या पार्कातल्या वाटा, दगडी बांधकामं आणि साउथ फॉल्सजवळची दगड-लाकडाची प्रशस्त लॉज ही त्याच पोरांची कमाई.

आता छतातली भोकं. तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, कारण बहुतेक लोक तिथे पाण्याकडे बघतात, वर बघत नाहीत. तो धबधबा नॉर्थ फॉल्स असणार. 41 मीटर उंचीचा, मागे ऐसपैस गुहा असलेला. नवा लाव्हा आला तेव्हा तिथल्या मातीत झाडं उभी होती. लाव्हाने त्यांना वेढलं. ओल्या खोडाला टेकलेला लाव्हा लवकर थिजला आणि खोडाभोवती दगडाची नळी तयार झाली. आतलं लाकूड जळून-कुजून गेलं, नळी तेवढी राहिली. पुढे पाण्याने खालची माती नेली आणि नळीचं तोंड छतात उघडं पडलं.

जरा विचार करा, तुम्ही कुठे उभे होतात? ज्या मातीत ती झाडं रुजली होती, त्या मातीच्या जागी. झाडाकडे आपण नेहमी बाहेरून बघतो. तुम्ही ते मुळाच्या बाजूने, खालून वर पाहिलंत, तेही झाड जाऊन दीड कोटी वर्षं झाल्यावर. धबधब्यामागची ती पोकळी म्हणजे दोन लाव्हांच्या मधली सवड. तुम्ही त्या सवडीतून चालत गेलात.

एकाच फेरीत दहा धबधबे कसे, तेही यातच आलं. भूगर्भशास्त्रात अशा थरांच्या प्रदेशाला 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतल्या 'जिना' या अर्थाच्या शब्दावरून आला. आपलं 'डेक्कन ट्रॅप' तेच. ओढ्याच्या दोन शाखा हा जिना उतरतात, आणि पायरी जिथे कठीण तिथे उडी. तुमची वाट एका शाखेने उतरते, दुसरीने चढते, मग घळीच्या काठावरून परत येते. त्यामुळे दोन्ही जिने एका दिवसात पाहून होतात. यात मानाचं स्थान 54 मीटरच्या साउथ फॉल्सला असलं, तरी एका आडओढ्यावरचा डबल फॉल्स त्याच्याहून फूटभर उंच आहे. तिथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. त्यामुळे आपल्या श्रावणातली धबधब्यांची ऐट तिथे डिसेंबर ते मे या काळात बघायला मिळते आणि 'विंटर फॉल्स' उन्हाळ्यात नावापुरताच उरतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी आणखी एक सांगतो. एवढी देखणी जागा, पण ती राष्ट्रीय उद्यान नाही, राज्याचं उद्यान आहे. 1888मध्ये इथे लाकूडतोडीवर जगणारं 'सिल्व्हर फॉल्स सिटी' नावाचं गाव वसलं होतं. पुढे एका जमीनमालकाने गर्दी जमवायला साउथ फॉल्सच्या कड्यावरून जुन्या मोटारी ढकलून दिल्या, आणि 1928मध्ये अल फॉसेट नावाचा साहसवीर होडीत बसून त्या धबधब्यावरून खाली आला. जखमी झाला, पण वाचला. सिल्व्हरटन गावचा छायाचित्रकार जून ड्रेक या धबधब्यांचे फोटो काढकाढून ही जागा वाचवा म्हणून मागे लागला होता. ड्रेक फॉल्स त्याच्याच नावाचा. 1926मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा प्रस्ताव गेला, पण आजूबाजूला तोडलेल्या झाडांचे बुंधेच बुंधे दिसत होते म्हणून तो नाकारला गेला. शेवटी 1933मध्ये राज्याने तिथे उद्यान केलं. तुम्ही ज्या डग्लस फरच्या गर्द सावलीतून चाललात, तिच्यातला मोठा भाग त्या बुंध्यांनंतरचा आहे. फोटो काढणाऱ्याने काय होतं, हे मुलाला सांगायला हरकत नाही!

आता सह्याद्री. दगड तोच, थर तसेच, मग खोल्या कुठे आहेत? थोड्या आहेत. घाटात किंवा गडावर जाताना काळ्या कातळाच्या मधोमध तांबडे पट्टे दिसतात, ते आपल्या लाव्हांमधली सवड. त्या पातळीवर पुष्कळदा कपारीही असतात. पण आपल्याकडे हा मऊ थर बहुतेक ठिकाणी हातभर ते पुरुषभर, आणि बरेचसे ओढे पावसाळा सरला की आटतात. सिल्व्हर क्रीकला बारा महिने पाणी असतं आणि वर गोठवणारी थंडीही असते. तरी पाण्यामागची खोली बघायचीच असेल तर पावसाळ्यात कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांकडे जा. तिथे लेण्याच्या दर्शनी भागावरून पाणी कोसळतं आणि आत उभं राहून ते बघता येतं. फरक एवढाच की ती खोली दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी छिन्नीने कोरली. मात्र धबधबा दिसला की कुठल्याही निसरड्या कपारीत शिरू नका. इथे कठडे बांधणारी ती पोरं आलेली नाहीत.

आणि आपल्या सवडीतही कोणी राहत होतं. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, इवल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि 1847मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णनही झालं. दोन आगींच्या मध्ये कुठेतरी डबकं साठलं होतं आणि त्यात बेडूक ओरडत होते. ओरेगनमध्ये झाडं, वरळीत बेडूक.

तुमच्या नाशिकजवळच्या अंजनेरीला कधी गेलात तर कड्यातले थर मोजून पाहा. मध्ये एखादा तांबडा पट्टा दिसला की मुलाला त्याचा फोटो पाठवा. खाली लिहा, 'हीपण खोलीच आहे, अजून उघडलेली नाही.'