जॉग व्हील आणि चित्रसंकलन

आमच्या जालना जिल्ह्यांत १९७२ सालच्या दुष्काळाची हकीकत सांगणारीं वृद्ध माणसें अद्याप पुष्कळ घरीं आहेत. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, तेथें मिळालेली सुकडी, तांबड्या मिलोच्या भाकरी हें सर्व त्यांच्या तोंडून ऐकावें व व्हिडिओवर उतरवून ठेवावें, असें कित्येक विद्यार्थ्यांच्या मनांत येतें. आणि तें योग्यच आहे. मोबाइलवर चित्रण सहज होतें. खरी अडचण पुढेंच. आजी तासभर बोलते आणि पाहणारांसाठीं त्यांतून दहा मिनिटें निवडावीं लागतात. या निवडीस व जोडणीस संकलन म्हणतात. हें काम जलद आणि तरीहि चोख व्हावें म्हणून जॉग व्हील नांवाचें एक साधन वापरतात. त्याची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्हिडिओ म्हणजे स्थिर चित्रांची माळ. यांतील प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. दर सेकंदास २५ फ्रेमा धरल्या तर एका तासांत ९०,००० फ्रेमा होतात. एवढ्या राशींतून नेमकी हवी ती फ्रेम शोधणें हें संकलकाचें निम्में काम होय.

पूर्वी हें काम बोटांनीं होत असे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत लागला. त्या काळीं फीत उजेडापुढें धरून कात्रीनें कापीत व चिकटवीत. पुढें १९२४ सालीं अमेरिकेंत मूव्हिओला हें यंत्र निघालें, आणि फीत चालती ठेवून पाहण्याची सोय झाली. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’सारख्या १९३६ च्या बोलपटाची फीत मिनिटास ९० फूट धांवे. संगणक आला तेव्हां फीत गेली आणि तिच्याबरोबर बोटांचा अंदाजहि गेला. तो परत देण्याचें काम हें चक्र करतें.

आमच्या वाचकांनीं शिंप्याचें काम पाहिलें असेलच. सरळ शिवण असेतों तो पायानें यंत्र भरधांव चालवितो. परंतु कॉलरचें टोंक आलें कीं पाय थांबवून चाक हातानें फिरवितो, एकेक टांका मोजून. जॉग व्हीलमध्यें याच दोन चाली आहेत. पुष्कळ नमुन्यांत एकांत एक अशीं दोन चक्रें असतात. बाहेरील चक्रास स्प्रिंग असते. तें उजवीकडे जितकें अधिक वळवावें तितकें चित्र वेगानें पुढें जातें, डावीकडे वळविल्यास मागें येतें, आणि हात सोडतांच तें मध्यावर येऊन चित्र थांबतें. आंतील चक्र मोकळें फिरतें. त्याच्या एका खटक्यास एक फ्रेम सरकते. कांहीं कंपन्या एकच चक्र ठेवून बटणानें त्याची चाल पालटतात.

डावा हात चक्रावर व उजवा माउसवर ठेवावा. चक्रालगतच्या बटणांस आरंभाची खूण, अखेरीची खूण व काट एवढींच कामें प्रथम नेमून द्यावीं. सर्व बटणें एकदम भरलीं तर बोटें गोंधळतात. एक गोष्ट मात्र आम्हांस आग्रहानें सांगावीशी वाटते : पहिली ऐकणी कधींहि वेगानें करूं नये. माणूस काय सांगत आहे हें कळल्यावांचून चक्र फिरविणें व्यर्थ होय. दुसऱ्या खेपेस बाहेरील चक्रानें हव्या त्या वाक्यापाशीं यावें, हात सोडावा, आणि आंतील चक्रानें खटक्या-खटक्यानें शब्दाची अखेर गांठावी.

ही अखेर मराठींत फार नाजूक असते. आपल्या भाषेंत नकार बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो. ‘त्या दिशीं भाकर मिळाली नाहीं,’ असें आजी म्हणते. काट एका शब्दाआधीं पडली तर ‘त्या दिशीं भाकर मिळाली’ एवढेंच उरतें, आणि उपाशी निजलेलें घर पडद्यावर जेवून उठतें! लबाडीनें कोणी असें करीत नाहीं, घाईनें होतें. शेवटचा शब्द हळू उच्चारला म्हणजे तो सहज निसटतो. पांच फ्रेमा म्हणजे सेकंदाचा पांचवा भाग, पण अर्ध्या शब्दास तेवढ्या पुरतात. म्हणून अखेरची खूण ओंठ मिटल्यावर आणखी पांच-सहा खटके पुढें करावी. बोलतां बोलतां आजी थांबली असेल तर तें थांबणेंहि राखावें. तें हकीकतीचाच भाग आहे. काम संपल्यावर फीत प्रथम तिलाच दाखवावी व तिची संमति असेल तरच ती इतरांपुढें मांडावी.

ज्यांपाशीं चक्र नाहीं त्यांनीं थांबण्याचें कारण नाहीं. संकलनाच्या पुष्कळ प्रोग्रामांत इंग्रजी जे, के, एल या तीन अक्षरांच्या कळा हेंच काम करतात : जे मागें नेते, के थांबविते, एल पुढें नेते, आणि एल पुन्हां दाबल्यास वेग वाढतो. डाव्या-उजव्या बाणांच्या कळांनीं एकेक फ्रेम सरकते. आरंभीं महिनाभर याच कळांवर हात बसवावा; चक्र नंतर घेतलें तरी चालेल.