न सांगता विचारायचे कसे?

सायकल चोरीला गेली तर ती जागेवर नसते. चोरी लगेच कळते. माहितीची चोरी मात्र प्रश्नपत्रिका फुटण्यासारखी असते. कपाटातला गठ्ठा जागच्या जागी असतो आणि नक्कल गावभर फिरते! मग आपली माहिती फुटली आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

ऑक्टोबर २०१३ मध्ये ॲडोबी या अमेरिकन कंपनीच्या कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. अशा चोरलेल्या याद्या पुढे इंटरनेटवर पसरतात. ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी त्या एकत्र करून डिसेंबर २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे आपला ई-मेलचा पत्ता लिहिला की तो कोणकोणत्या ज्ञात चोऱ्यांत सापडला, हे कळते.

पण पासवर्डचे काय? वर्गात हे सांगत असता एका विद्यार्थ्याने मला अडवले, "सर, फुटला का हे विचारायला पासवर्ड सांगितला, तर तो तिथेच फुटला!" शंका अगदी रास्त होती. तिचे उत्तर गणिताने दिले आहे.

'एसएचए-१' नावाची एक गणिती रीत आहे. तिच्यात कोणताही शब्द घाला, ४० चिन्हांची एक ओळ बाहेर पडते. प्रत्येक चिन्ह ० ते ९ आणि ए ते एफ या १६ पैकी एक असते. त्याच शब्दाची ओळ नेहमी तीच येते. एक अक्षर बदलले की सारी ओळ बदलते. ओळीवरून उलट शब्दाकडे जाण्याचे सूत्र मात्र नाही. या ओळीला 'हॅश' म्हणतात.

मग पूर्ण हॅश पाठवली तर? तेही धोक्याचे. ज्याच्याजवळ फुटलेल्या शब्दांची यादी आहे, तो त्यांच्या हॅशशी ताडून तुमचा शब्द ओळखील.

म्हणून २०१८ मध्ये जुनेद अली या अभियंत्याच्या कल्पनेनुसार एक युक्ती योजली गेली. हॅशची फक्त पहिली ५ चिन्हे पाठवायची. इंग्रजी लहान लिपीतल्या 'पासवर्ड' या शब्दासाठी ती ५, बी, ए, ए, ६ अशी आहेत. पाच चिन्हांचे प्रकार किती? १६ चा पाचवा घात, म्हणजे १०,४८,५७६. जणू तितके खण असलेले कपाटच! फेब्रुवारी २०१८ मध्ये यादीत ५० कोटींहून अधिक पासवर्ड होते. म्हणजे दर खणात सरासरी पावणेपाचशेच्या आसपास. संकेतस्थळ तो सबंध खण तुमच्याकडे पाठवते आणि उरलेली ३५ चिन्हे तुमचा संगणक स्वतःच ताडून पाहतो. तुम्हाला खणातले काय हवे होते, हे पाठवणाऱ्याला कळतच नाही.

जुळणी झाली तर तो पासवर्ड ताबडतोब टाकून द्या. तोच आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला, कारण एका दाराची फुटलेली किल्ली चोर सगळ्या दारांना लावून पाहतो. जुळणी झाली नाही तर? निर्धास्त होऊ नका. उजेडात न आलेली चोरी यादीत कशी असणार? शिवाय पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख नाही. म्हणून ती मागेल त्याला देऊ नये.

आता एक गणित तुमच्यासाठी. पाचऐवजी ४ चिन्हे पाठवली तर दर खणात किती पासवर्ड येतील? आणि ६ पाठवली तर? दोन्हींत काय कमावले आणि काय गमावले, याचा विचार करा. म्हणजे पाचच का निवडली, हे तुमचे तुम्हालाच उमजेल.